राजाश्रयावाचूनचे कीर्तन

‘ज्यू संगीत’ हा शब्द अलीकडे आपल्याकडील तरुण रसिकांच्याही तोंडी येऊ लागला आहे. याचे बरेचसे श्रेय २०१५ सालच्या ‘जुनून’ या ध्वनिमुद्रिकेला द्यावे लागेल. शाय बेन त्सुर या इस्रायली संगीतकाराने जोधपूरच्या मेहरानगड किल्ल्यात राजस्थानातील कव्वाल, मांगणियार आणि बँडवाले जमवून ती केली. इंग्लंडातील नामांकित वादक जॉनी ग्रीनवुड साथीला होता आणि पॉल थॉमस अँडरसन याने त्यावर त्याच नावाचा चित्रपटही काढला. हिब्रू शब्द कव्वालीच्या ठेक्यावर बसविलेले ऐकून मौज वाटते. हे गृहस्थ जेरुसलेममध्ये हरिप्रसाद चौरसिया व झाकीर हुसेन यांची मैफल ऐकून भारलेल्या मनाने इकडे आले आणि पुष्कळ वर्षे राहिले. त्यांच्या कष्टांबद्दल आदरच आहे. परंतु मराठी माणसाला ज्यू संगीत ऐकण्यासाठी जोधपूरच्या किल्ल्यात जावे लागत नाही. ते त्याच्याच भाषेत, त्याच्याच साकी-दिंडीत, झांज-पेटीच्या साथीने एकशेचाळीसहून अधिक वर्षे नांदत आले आहे. त्याचे नाव बेने इस्रायलांचे कीर्तन.

बेने इस्रायल हे कोकणातले. अलिबागेजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर आपले पूर्वज गलबत फुटून लागले, अशी त्यांची परंपरा सांगते. गावोगावी ते तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. पेणकर, दिवेकर, रोहेकर, केहिमकर ही त्यांची आडनावे ऐकली तर आपल्याच पंक्तीतला पाहुणा आहे असे कोणासही वाटेल. हिब्रू प्रार्थना ते जवळजवळ विसरले होते. ‘शेमा’ तेवढी तोंडी राहिली होती. ती विसरलेली विद्या त्यांना पुढे कोचीच्या ज्यू शिक्षकांनी शिकविली. स्कॉटिश मिशनच्या जॉन विल्सनने तर १८३२ साली हिब्रू व्याकरण मराठीत लिहिले. १८४६ साली मुंबईत वल्हांडणाची पोथी, ज्यांना ते हग्गादा म्हणतात, हिब्रूसोबत मराठी अर्थ देऊन छापली गेली. म्हणजे या समाजाला त्याचा धर्म पुन्हा सापडला तो मराठीचे बोट धरून.

हे एवढे विस्ताराने सांगितले ते अशासाठी, की या कीर्तनाकडे ‘अनुकरण’ म्हणून पाहण्याची एक सवय आपल्या मंडळींत आहे. हिंदूंचे पाहून ज्यूंनीही कीर्तन सुरू केले, असे म्हणून हा विषय संपविला जातो. पण ज्या समाजातील बायकामुलांना हिब्रू वाचता येत नव्हते, त्यांनी अब्राहामाची, योसेफाची, मोशेची कथा ऐकावी कशी? प्रार्थनामंदिरातील हिब्रू पठणाने ते होण्यासारखे नव्हते. कथा सांगण्याचे मराठीतले सर्वांत सिद्ध साधन कीर्तन होते. ते हाती घेतले यात अनुकरण म्हणण्याजोगे काय आहे? पुढे रेव्हरंड टिळकांनी ख्रिस्ती कीर्तने लिहिली त्यामागेही हीच गरज होती.

१८८० साली मुंबईतील काही बेने इस्रायलांनी कीर्तनास उत्तेजन देण्यासाठी एक मंडळ काढले. बेंजामिन शिमशोन अष्टमकर हे त्यांचे आद्य कीर्तनकार. नमनाला एकेश्वराचे स्तवन; मग पदे, आर्या, साक्या, दिंड्या गुंफीत बायबलातील आख्यान; मधूनमधून निरूपण. अवघा घाट हरिदासी आणि कथा तोरातली. संगीताच्या विद्यार्थ्याला येथे एका योगायोगाची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. त्याच १८८० च्या ऑक्टोबरअखेर पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आले. एकाने दुसऱ्याला जन्म दिला असे मी म्हणत नाही. पण दोघांच्या मुळाशी तीच साकी, तीच दिंडी, तोच हरिदास होता. आणि पुढे नाटकांतील पदे लोकांच्या ओठी बसली तेव्हा या कीर्तनकारांनीही त्या चालींवर आपली पदे बेधडक रचली. नाटकाकडे या समाजाचा ओढा होताच. १९३१ चा पहिला बोलपट ‘आलम आरा’ ज्या नाटकावरून निघाला, ते जोसेफ डेव्हिड पेणकर यांचे होते.

आता खरा प्रश्न असा, की हे सारे पोसले कोणी?

आपण बडोदेकर संगीताचा विचार राजाश्रयाशिवाय करूच शकत नाही. येथे कलावंत कारखाना होता, गवय्यांना दर्जा ठरलेला आणि पगार बांधलेला होता, १८८६ साली मौलाबक्षांची गायनशाळा निघाली ती सरकारच्या पैशावर, आणि फैयाझखाँसाहेब १९५० साली गेले ते याच शहरात. माझे वडील तरुणपणी दरबारच्या चाकरीत शेवटची थोडी वर्षे होते. १९४९ च्या मे महिन्यात संस्थान विलीन झाले आणि घरात येणारा पगार थांबला, एवढाच त्या इतिहासाचा भाग मला प्रत्यक्ष कळतो. दरबार गेला तरी बंदिशी शिष्यांकडे राहिल्या, शाळा विद्यापीठात गेली, आकाशवाणी होती. राजाश्रय जाऊनही गाणे तगले, कारण ऐकणारे येथेच होते.

बेने इस्रायलांचे उलट झाले. त्यांना राजाश्रय कधीच नव्हता. पलटणीतले सुभेदार, रेल्वेतले आणि कचेऱ्यांतले कारकून, सुतार, शिक्षक, परिचारिका, असा हा मध्यम मिळकतीचा समाज. बगदादी ज्यूंमध्ये ससून घराण्यासारखे कोट्यधीश होते. पुण्याचे १८६७ चे लाल देऊळ त्यांच्याच पैशाचे. बेने इस्रायलांजवळ तेवढे धन नव्हते. मुंबईत त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर १७९६ साली सामाजी हसाजी दिवेकर या कंपनी सरकारच्या पलटणीतील अधिकाऱ्याने बांधले. त्याला लोक आजही ‘जुनी मशीद’ म्हणतात. कीर्तन चालले ते असल्याच माणसांच्या लहान लहान वर्गणीवर आणि त्यांच्या घरातील कार्यांवर. नवसाचा मलिदा असो की मुलाची सुंता, चार माणसे जमली की गाणे आले. आश्रयदाता आणि श्रोता हे एकच होते. ही त्या कलेची ताकद होती आणि नेमका तेथेच तिचा नाश दडला होता, कारण तो श्रोता उठून गेला तर मागे कोणताही दरबार उरणार नव्हता.

आणि तो उठून गेला. १९४८ नंतर इस्रायलकडे ओघ सुरू झाला आणि दोन-तीन दशकांत कोकणातली आळीन् आळी रिकामी झाली. तिकडे त्यांचे स्वागत फारसे गोड झाले नाही. यांचे ज्यूपण शुद्ध की अशुद्ध असा वाद तेथील धर्मपंडितांनी काढला. १९६४ साली या लोकांनी जेरुसलेममध्ये धरणे धरले, तेव्हा कोठे तेथील संसदेने त्यांना बरोबरीचे ज्यू म्हणून मान्य केले. ज्यांचा धर्मच संशयात धरला जातो त्यांनी नव्या देशात मराठी कीर्तन मिरवावे कसे? दिमोना, लोद, रामला, अश्दोद अशा गावांत ही कुटुंबे विखुरली. मुले हिब्रू शाळांत गेली. रात्रभर आख्यान लावणारा कीर्तनकार या व्यवस्थेत टिकण्यासारखा नव्हता.

टिकले ते बायकांकडचे गाणे. एलियाहू नबीच्या नावाने मलिदा करावा, गोड पोहे, खोबरे आणि पाच फळांचे ताट मांडावे आणि म्हणावयाचे ते म्हणावे, हा कुलाचार त्यांनी सोडला नाही. अलिबाग तालुक्यातील खंडाळे गावी एलियाहूच्या रथाची खूण खडकावर आहे अशी त्यांची श्रद्धा आहे आणि इस्रायलहून आलेली माणसे आजही तेथे जाऊन मलिदा करतात. कीर्तनातील पदे या बायकांनी आख्यानापासून सुटी करून घेतली आणि हळदीला, मलिद्याला, मंडळाच्या बैठकीला म्हटली. अ‍ॅना शुल्ट्झ या अमेरिकन विदुषीने आपल्या राष्ट्रीय कीर्तनावर एक मोठा ग्रंथ २०१३ साली प्रसिद्ध केला. त्यानंतर त्या या बायकांच्या गाण्यांकडे वळल्या. आपल्याकडील किती संगीत-महाविद्यालयांनी एवढे कष्ट घेतले, हे विचारले तर खाली पाहावे लागेल.

आज या गाण्याला आश्रय नाही असे म्हणता येणार नाही. उलट आश्रयदाते वाढले आहेत. महाराष्ट्र सरकारने २०१६ साली आणि गुजरात सरकारने २०१८ साली ज्यूंना धार्मिक अल्पसंख्याकांचा दर्जा दिला. २०१७ च्या जुलैत भारताचे पंतप्रधान प्रथमच इस्रायलला गेले. तेल अवीवच्या सभेत त्यांनी तेथून निघणाऱ्या ‘मायबोली’ या मराठी नियतकालिकाचा उल्लेख केला आणि भारतीय सांस्कृतिक केंद्र काढण्याचे आश्वासन दिले. त्याच सभेत दोन्ही देशांची राष्ट्रगीते गायली ती बेने इस्रायल घराण्यातील लिओरा इत्झाक यांनी. त्या हिंदुस्थानात येऊन येथील गाणे शिकल्या आहेत. खुद्द इस्रायलात गेली वीस-पंचवीस वर्षे ‘पियूट’ म्हणजे प्रार्थनापद्ये जुन्या चालींत, गटागटाने बसून म्हणण्याची मोठी लाट आली आहे. मोरोक्को, इराक, येमेन येथून आलेल्यांच्या ज्या चाली त्यांच्या मुलांना लाजिरवाण्या वाटत, त्या आता नातवंडे हौसेने शिकतात. कोचीच्या ज्यू स्त्रियांच्या मल्याळम गाण्यांचेही भाग्य उघडले. २००४ साली त्यांची ध्वनिमुद्रिका जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातील संगीत-संशोधन केंद्राने काढली, आणि केरळातील विद्वान त्या कामात बरोबरीने होते.

या शेवटच्या गोष्टीपाशी थोडे थांबले पाहिजे. कोचीचे ज्यू संख्येने बेने इस्रायलांहून कितीतरी थोडे. तरी त्यांच्या गाण्यांची व्यवस्था आधी लागली, ती केवळ परदेशी पैशामुळे लागली असे मला वाटत नाही. केरळच्या पंडितांनी ही गाणी मल्याळम वाङ्मय म्हणून वाचली. पाठभेद लावले, शब्दांचे अर्थ लावले, कोणती ओळ कोणत्या जुन्या वृत्तातली हे पाहिले. मराठीने आपल्या ज्यू कीर्तनाला ही वागणूक दिलेली नाही. आपल्या कीर्तनपरंपरेच्या इतिहासांत बेने इस्रायलांना फारतर एखादा परिच्छेद मिळतो. समारंभ पुष्कळ होतात, आणि त्यांत एखादे मराठी पद झाले की टाळ्याही पडतात. पण समारंभाला पाच मिनिटांचे पद पुरते. कीर्तनाला दोन तास बसणारा, कोटी कळणारा, साकी संपून दिंडी लागली की मान हलविणारा श्रोता लागतो, आणि त्याची तरतूद कोणत्याही सरकारला अंदाजपत्रकात करता येत नाही.

कोणी म्हणेल, इस्रायलचे नाव निघाले की आज युद्धच डोळ्यांपुढे येते. २०२३ पासून तेथे आणि गाझात जे घडले ते पाहून गाण्याची गोष्ट काढवत नाही. ही अडचण मी समजू शकतो. परंतु अष्टमकरांचे कीर्तन इस्रायल राष्ट्राच्या जन्माआधी अडुसष्ट वर्षे मुंबईत झालेले आहे. ते मराठीचे धन आहे आणि त्याची वास्तपुस्त घेण्यास कोणत्याही देशाचा झेंडा हाती धरावा लागत नाही.

वास्तपुस्त घ्यावयाची ती कशी, याबद्दल मात्र मला संगीतशिक्षक म्हणून बोलता येईल. मराठी कीर्तनाच्या छापील चोपड्यांत पदाच्या डोक्यावर चालीची खूण दिलेली असते. अमुक नाटकातील अमुक पदाप्रमाणे, एवढेच. स्वरलिपी नसते. ज्यांच्यासाठी ते छापले त्यांना ती नको होती. नाटकाचे पद सर्वांना येत होते. आज स्थिती अशी आहे की शब्द आणि ते म्हणण्याची ढब इस्रायलातील आजीबाईंजवळ आहे, आणि मूळ पदाची चाल पुण्या-मुंबईतील, बडोद्यातील जुन्या मराठी घरांत आहे. कुलपाचे दोन तुकडे दोन देशांत पडले आहेत. दोन्हीकडची माणसे सत्तरी ओलांडलेली आहेत.

आणि आपल्याकडचा तुकडा आपल्याजवळ अजून आहे असे आपण समजतो, त्याचीही एकदा परीक्षा व्हावी. पाणीगेटला माझ्या वर्गात येणाऱ्यांत मराठी घरांतील मुलेही आहेत. ती ख्याल बरा गातात, सुगम संगीत फार बरे गातात. पण साकी म्हणून दाखवा म्हटले तर गोंधळतात, आणि दिंडीचे नाव काढले की त्यांना पंढरीची वारी आठवते. मांडवीच्या विठ्ठलमंदिराशेजारी पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या घरांची ही गोष्ट आहे. शेजारी गुजराथी बोलतात, शाळा इंग्रजी आहे, मराठी स्वयंपाकघरापुरती उरली आहे. दिमोनातल्या नातवाची अवस्था याहून फार निराळी नसावी. फरक एवढाच, की त्याच्या आजीने पदे पाठ ठेवली आहेत.

म्हणून माझी सूचना अगदी लहान आहे. मुंबईत, पुण्यात कीर्तन शिकविणाऱ्या संस्था आहेत. त्यांनी नारदीय आख्यानांच्या बरोबरीने एक आख्यान, योसेफाचे म्हणा की एस्तेरचे, अभ्यासाला घ्यावे. चालीची खूण पाहून ज्याला ते नाट्यपद येत असेल अशा वृद्धाकडे जावे आणि चाल उतरवून घ्यावी. तीच चाल दूरध्वनीवरून लोदच्या किंवा अश्दोदच्या एखाद्या मलिद्याच्या बैठकीला ऐकवावी आणि त्या बायका ती कोठे मोडतात, कोठे लांबवितात, कोणता स्वर गाळतात हे लिहून घ्यावे. मूळ चालीपासून त्यांचे म्हणणे जेथे वेगळे पडेल तेथे दुरुस्ती करण्याचा मोह मात्र टाळावा, कारण तेवढाच भाग नाटकाचा नसून त्यांचा स्वतःचा असेल. या कामाला वर्ष-दीड वर्ष पुरेल. आपल्या शहरात ज्यांच्या घरी जुन्या नाटकांची पदे अजून पेटीवर वाजतात, त्यांनी ती चालीसकट कोणाला तरी ध्वनिमुद्रित करू द्यावीत. सुरुवात तेथूनही होईल.