शिकाऊ म्हणून उठून जाऊ नका

सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयाचं धारावीत एक नागरी आरोग्य केंद्र आहे. धारावीकर त्याला ‘छोटा सायन’ म्हणतात. वैद्यकीय महाविद्यालयांची अशी केंद्रं वस्त्यांत आणि खेड्यांतही आहेत. तिथल्या ओपीडीत बऱ्याचदा तरुण निवासी डॉक्टर बसलेले असतात आणि रांगेतलं कुणीतरी कुजबुजतं, “हा शिकाऊ दिसतोय, मोठ्या डॉक्टरांनाच दाखवू.” कृपा करून तसं उठून जाऊ नका.

निवासी डॉक्टर एमबीबीएस आणि इंटर्नशिप पुरी करून आलेले असतात. पुढचं एमडी-एमएसचं शिक्षण ते वरिष्ठांच्या देखरेखीखाली घेतात. 2020 च्या नियमामुळे या विद्यार्थ्यांना तीन महिने जिल्हा रुग्णालयातही काम करावं लागतं. शिवाय केंद्र घराजवळ असेल तर एका तपासणीपायी दिवसाची मजुरी बुडत नाही.

पण या डॉक्टरांना तुमच्याकडूनही काही हवं असतं. वॉर्डात पेशंट दिसतो, त्याचं घर दिसत नाही. इन्सुलिन लिहून देताना ‘फ्रिजमध्ये ठेवा’ असं डॉक्टर सवयीने सांगतात. पत्र्याच्या खोलीत फ्रिज नसतो, बाई नुसती मान हलवते आणि औषध उन्हाळ्यात वाया जातं. तिथेच बोला, “डॉक्टर, आमच्याकडे फ्रिज नाही.” मग मार्ग निघतो. एका मडक्यात दुसरं मडकं ठेवून मधल्या जागेत ओली वाळू भरली की आतलं मडकं बरंच गार राहतं; बाटली कोरड्या डबीत घालून त्यात ठेवायची. तुमची ही अडचण ऐकलेले डॉक्टर पुढच्या पेशंटला आधीच विचारतील, “घरी फ्रिज आहे का?”

म्हणून जाताना जुने कागद आणि गोळ्यांची पाकिटं सोबत न्या. मिशरी, तंबाखू, दारू, झाडपाल्याचं औषध, मध्येच सोडलेल्या गोळ्या, काही लपवू नका. रागावतील म्हणून खोटं सांगितलं तर औषध चुकतं. परत कधी यायचं, कुठलं लक्षण दिसलं तर ताबडतोब धावायचं, हे विचारूनच उठा. समजलं नाही तर पुन्हा विचारा.

तुमचा हक्कही लक्षात असू द्या. विद्यार्थ्यांनी तपासू नये असं वाटलं तर स्पष्ट नाही म्हणा, वरिष्ठांना बोलवायला सांगा. बायकांनी तपासणीच्या वेळी नर्स किंवा घरचं माणूस सोबत मागावं. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थुंकी तपासून घ्या. सरकारी केंद्रात क्षयरोगाची तपासणी आणि औषधं मोफत आहेत, आणि उपचार चालू असेपर्यंत आहारासाठी महिन्याला 1000 रुपये मिळतात. घरात तिशी ओलांडलेलं कुणी असेल आणि त्यांचं बीपी, शुगर कधीच पाहिलं नसेल, तर याच आठवड्यात त्यांना जवळच्या केंद्रात घेऊन जा.