चाहत्यांचे न्यायालय

२७ फेब्रुवारी २०२२ रोजी, रविवारी, मुंबईत वांद्रे येथे माजी कसोटीपटू विनोद कांबळी यांची मोटार ते राहत असलेल्या गृहनिर्माण संस्थेच्या फाटकावर आदळली. मद्याच्या अमलाखाली गाडी हाकल्याचा आरोप, रहिवाशाची फिर्याद, वांद्रे पोलिसांनी केलेली अटक आणि मग जामिनावर सुटका, असा सारा घटनाक्रम. तेव्हाच्या भारतीय दंडविधानाची २७९, ३३६ व ४२७ ही कलमे आणि जोडीला मोटार वाहन कायदा लावण्यात आला. सुदैवाने कोणाचा जीव गेला नाही. वर्तमानपत्रांनी दोन दिवस बातमी चालविली आणि तिसऱ्या दिवशी ती मिटली.

मराठवाड्यात मात्र हा खटला मिटलेला नाही. नांदेडच्या वजिराबादेत आणि लातूरच्या गंजगोलाईत चहाच्या टपऱ्यांवर तो अधूनमधून पुन्हा उभा राहतो. डिसेंबर २०२४ मध्ये शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकरांच्या स्मारकाचे अनावरण झाले, त्या प्रसंगी कांबळींचे थकलेले रूप घरोघर दिसले. त्याच महिन्यात त्यांना ठाणे जिल्ह्यातील रुग्णालयात दाखल करावे लागले. तेव्हाही बोलणे प्रकृतीवरून सुरू झाले आणि वांद्र्याच्या फाटकापाशी येऊन थांबले. एक पक्ष म्हणतो, भंगलेल्या फाटकापायी एवढ्या मोठ्या खेळाडूला पोलिसांनी धरून न्यावे ही कृतघ्नता आहे. दुसरा म्हणतो, दैवाने दिले आणि कर्माने नेले, अशा माणसाची गय कसली? तिसरा एखादा खोचक प्रश्न टाकतो, त्याच्या शाळेतला जोडीदार त्या गाडीत असता, तर फिर्याद तरी नोंदली गेली असती का?

या जिव्हाळ्याची थट्टा करण्याचे कारण नाही. फेब्रुवारी १९८८ मध्ये हॅरिस ढालीच्या सामन्यात शारदाश्रम विद्यामंदिराच्या दोन पोरांनी आझाद मैदानावर ६६४ धावांची अभंग भागीदारी केली. सचिन तेंडुलकर यांच्या नाबाद ३२६, तर कांबळींच्या नाबाद ३४९. पुढे १९९३ च्या फेब्रुवारीत वानखेडेवर इंग्लंडविरुद्ध २२४ आणि मार्चमध्ये दिल्लीला झिंबाब्वेविरुद्ध २२७. त्याच पावसाळ्यात श्रीलंकेत आणखी दोन शतके. सप्टेंबरच्या ३० तारखेला पहाटे किल्लारी हादरली. लातूरकडच्या ज्या पिढीने ते वर्ष तरुणपणी पाहिले, तिच्या आठवणींत हे दोन्ही एकाच कप्प्यात पडलेले आहे. वर्षाच्या सुरुवातीला कांजूरमार्गच्या साध्या वस्तीतल्या डावखुऱ्या पोराने दिलेला आनंद, आणि वर्षाच्या उत्तरार्धातील तो आकांत. १७ कसोट्या, १०८४ धावा, ५४.२० ची सरासरी आणि तेविसाव्या वर्षी कसोटी क्रिकेट संपलेले. असा माणूस चाहत्यांच्या मनात आकड्यांपुरता उरत नाही. त्याच्याकडून काहीतरी हिरावून घेतले गेले, अशी एक चुटपुट मागे राहते. त्याला संधी कमी मिळाली त्याला त्याचा सामाजिक थर कारणीभूत होता, असे मानणाराही एक मोठा वर्ग मराठवाड्यात आहे. ज्या भूमीने नामांतराचा लढा पाहिला, तिथे ही शंका उगवावी यात नवल नाही.

पण ही शंका खरी धरली, तरी ती निवड समितीच्या दारात नेण्याची गोष्ट आहे. तिचे उत्तर वांद्र्याच्या पोलीस ठाण्यात मागता येत नाही. आणि टपरीवरच्या चर्चेची सगळी गफलत इथेच आहे. दोन्ही पक्ष कांबळी या माणसाची किंमत ठरवीत बसतात. एक ती सरासरीवरून ठरवतो, दुसरा बाटलीवरून. कायद्याला या दोहोंशी कर्तव्य नाही. शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क असता मोटार चालवू नये, एवढेच मोटार वाहन कायद्याचे १८५ वे कलम सांगते. पहिल्या अपराधाला सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही. या कलमात फलंदाज आणि गोलंदाज असा भेद नाही. तसाच बदनाम माणूस आणि नामवंत माणूस असाही नाही. आरोप सिद्ध होईपर्यंत कांबळी निर्दोष आहेत, हे त्यांच्या चाहत्यांनी ठासून सांगावे. तो त्यांचा हक्क आहे आणि पहिल्या पक्षाइतकेच दुसऱ्या पक्षानेही ते ऐकावे. मात्र आरोपच नोंदू नये, असे म्हणणे ही निराळी गोष्ट झाली.

या साऱ्या वादात एका माणसाचा उल्लेख कोणीच करीत नाही, तो म्हणजे त्या फाटकावरचा रखवालदार. फाटकावर गाडी आदळल्यावर कांबळी यांची तेथील रखवालदाराशी व काही रहिवाशांशी बाचाबाची झाली, असे त्या दिवसांच्या बातम्यांत आले होते. तो रखवालदार कुठला, त्याचा पगार किती, गाडी आणखी दोन हात पुढे आली असती तर त्याचे काय झाले असते, हे प्रश्न टपरीवर येत नाहीत. वास्तविक मुंबई-पुण्याच्या फाटकांवर रात्र काढणाऱ्यांत कंधार, मुखेड, अहमदपूर, निलंगा या तालुक्यांतून गेलेली माणसे काही थोडी नाहीत. म्हणजे नांदेड-लातूरच्या चाहत्याचा चुलता किंवा मेहुणा त्या फाटकावर उभा असण्याचा संभव त्या गाडीत बसलेला असण्याच्या संभवापेक्षा कितीतरी अधिक आहे. तरीही त्याचे मन पटकन गाडीत जाऊन बसते. प्रसिद्धीची ही ताकद आहे. ती माणसाला स्वतःचा वर्ग विसरायला लावते.

अशा विसराची जबर किंमत दुसऱ्या एका प्रकरणात पाहावयास मिळाली. तिथे प्रश्न अपघाताचा नव्हता, रस्त्यावरील भांडणाचा होता. पण खेळाडू तितकाच लाडका होता. २७ डिसेंबर १९८८ रोजी पतियाळा येथे भररस्त्यात उभ्या केलेल्या मोटारीवरून नवज्योतसिंग सिद्धू यांचा पासष्ट वर्षांच्या एका गृहस्थाशी तंटा झाला, मारहाण झाली आणि तो गृहस्थ मरण पावला. १९९९ मध्ये सत्र न्यायालयाने सिद्धूंना सोडले. २००६ मध्ये उच्च न्यायालयाने तीन वर्षांची शिक्षा दिली. तिला स्थगिती मिळाली आणि सिद्धू २००७ च्या पोटनिवडणुकीत अमृतसरहून पुन्हा लोकसभेवर निवडून आले. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा एक हजार रुपये दंडावर आणली. मृताच्या कुटुंबाने फेरविचाराचा अर्ज केला आणि १९ मे २०२२ रोजी एक वर्षाची सक्तमजुरी झाली. घटनेपासून या निकालापर्यंत तेहेतीस वर्षांहून अधिक काळ लोटला होता! एवढ्या काळात सिद्धू सलामीवीर झाले, समालोचक झाले, खासदार झाले, मंत्री झाले. ज्या घरातला माणूस गेला, ते घर तेवढा काळ न्यायालयाच्या पायऱ्या चढत राहिले. नांदेडला सचखंड साहिबच्या दर्शनासाठी पंजाबातून भाविकांची रीघ असते. तिथल्या टपऱ्यांवर सिद्धूंच्या षटकारांच्या गोष्टी अजून रंगतात. त्या गृहस्थाचे नाव मात्र क्वचितच कुणाला आठवते.

आता याच चाहत्यांना वांद्र्याहून उठवून लातूर-नांदेड रस्त्यावर आणून उभे करावे. चाकूर, अहमदपूर, लोहा असा हा रस्ता. गळिताचा हंगाम सुरू झाला की रात्री उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर त्यावरून रांगत असतात. कित्येकांना मागे दिवा नसतो, लाल पट्टीदेखील नसते. मागून येणारा मोटारसायकलस्वार त्यांवर जाऊन धडकतो. मालवाहू टेम्पो, काळीपिवळी, खासगी बस यांची आपसांत शर्यत चालू असते. अशा रस्त्यावर अपघात झाला आणि चालक हाती लागला, म्हणजे काय होते हे सर्वांस ठाऊक आहे. चूक कोणाची हे पाहायला कोणी थांबत नाही. चालकाला खाली ओढतात, मारतात, काचा फुटतात, प्रसंगी गाडी पेटते. कांबळींसाठी कनवाळूपणे जामीन मागणारा गृहस्थ या जमावात हात धुऊन घेताना दिसला, तर आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. चालकाची फलंदाजीची सरासरी त्याला माहीत नसते ना!

म्हणूनच चालक पळतो. जखमी रस्त्यावर पडून राहतो आणि जे हाड मोडण्यावर निभावले असते ते मरणावर जाते. कायदे करणाऱ्यांना हे अगदीच कळले नव्हते असे नाही. अपघातानंतर जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देणे हे चालकाचे कर्तव्य आहे, असे सांगताना मोटार वाहन कायद्याच्या १३४ व्या कलमाने जमावाच्या क्षोभामुळे ते अशक्य झाले असल्यास त्याला सूट ठेवली आहे. भारतीय न्याय संहितेने मात्र १०६ व्या कलमाच्या दुसऱ्या पोटकलमात मृत्यू घडवून पोलिसांना अथवा दंडाधिकाऱ्यांना न कळविता पळणाऱ्यास दहा वर्षांपर्यंतची कैद लिहिली. जानेवारी २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत देशभरचे ट्रकचालक रस्त्यावर आले ते याच कारणाने. मराठवाड्यातही पेट्रोलपंपांपुढे रांगा लागल्या. चालकांचे म्हणणे साधे होते : थांबलो तर जमाव मारतो, पळालो तर कायदा मारतो. सरकारने वाटाघाटी केल्या आणि १ जुलै २०२४ पासून संहिता लागू करताना ते पोटकलम तेवढे बाजूला ठेवले.

त्या रांगांत उभ्या राहिलेल्या मध्यमवर्गाने चालकांना काय काय म्हटले, हे आठवून पाहावे. 'दारू पिऊन गाडी हाकतात आणि वर संप करतात' हे वाक्य बहुतेकांच्या कानांवरून गेले असेल. मद्यपी चालक नाहीत असे कोण म्हणेल? परंतु खेपेमागे पैसे, झोपेची वेळ ठरलेली नाही, मालकाचा फोन दर तासाला, अशा स्थितीत ढाब्यावर घोट घेणारा ट्रकवाला तेवढा 'दारुडा' आणि खेळाडू मात्र 'बिचारा व्यसनात अडकला', ही भाषा आली कुठून? व्यसन हा आजार आहे असे मानायचे, तर तो दोघांचाही आजार आहे. कांबळींच्या बाबतीत हे शहाणपण काहींनी दाखविले, ही चांगली गोष्ट. क्रिकेट मंडळाच्या महिना तीस हजार रुपयांच्या निवृत्तिवेतनावरच आपले घर चालते, असे त्यांनी २०२२ च्या ऑगस्टमध्ये उघडपणे सांगितले होते. पुढे १९८३ च्या विश्वविजेत्या संघातील मंडळींनी उपचाराचा खर्च उचलण्याची तयारी दाखविली, मात्र व्यसनमुक्तीसाठी आधी त्यांनी स्वतः पाऊल उचलावे अशी अट घातली, आणि कांबळींनी त्यास होकार दिला. ही माया पोलीस ठाण्यातून सोडवून आणणाऱ्या मायेपेक्षा निराळी आहे. तिने मद्याला मद्य म्हटले, आणि माणसाला टाकूनही दिले नाही. ट्रकवाल्याला असे म्हणणारे कोणी विश्वविजेते नसतात. त्याच्या वाट्याला तालुक्याच्या गावी एखादे व्यसनमुक्ती केंद्र असले तरी पुष्कळ.

इथे एक गोष्ट मोकळेपणाने मान्य केलेली बरी. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत कांबळी विक्रोळीतून लोकभारती या पक्षाचे उमेदवार होते आणि पराभूत झाले. म्हणजे समाजवादी परिवारालाही त्यांच्याविषयी ओलावा आहे, आणि आपल्या माणसाच्या गुन्ह्याला 'चूक' आणि परक्याच्या चुकीला 'गुन्हा' म्हणण्याची सवय काही चाहत्यांपुरतीच राहिलेली नाही. कार्यकर्त्यांच्या बैठकांतही ती डोकावते. एखाद्या कार्यकर्त्याच्या जीपखाली कोणी सापडले, तर पहिला फोन रुग्णालयाला जातो की ओळखीच्या पोलीस निरीक्षकाला, हे ज्याचे त्याने मनाशी विचारून पाहावे.

२०२२ या एका वर्षात भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतील तीस हजारांहून अधिक माणसांना उडविणारे वाहन निघून गेले. अशा मृतांच्या वारसांना १ एप्रिल २०२२ पासून दोन लाख रुपयांची भरपाई मिळू शकते. त्याआधी ती पंचवीस हजार होती. जबर जखमीला पन्नास हजार. वाहनाचा क्रमांक ठाऊक नसला तरी चालते, किंबहुना ही तरतूद त्यासाठीच आहे. अर्ज उपविभागीय अधिकारी किंवा तहसीलदार यांच्या पातळीवर, दावा चौकशी अधिकाऱ्याकडे करावयाचा असतो. लोह्याच्या किंवा अहमदपूरच्या वेशीवर रात्री अज्ञात वाहनाने उडविलेल्या ऊसतोड्याची बायको तहसिलात जाते, तेव्हा तिच्यासोबत पंचनाम्याची नक्कल आणि शवविच्छेदनाचा अहवाल घेऊन जाणारे कोणी असते का? कांबळींच्या धावा तोंडपाठ असलेल्या किती जणांना हा अर्ज कोणत्या खिडकीवर मिळतो ते ठाऊक आहे, हे वजिराबादेत आणि गंजगोलाईत एकदा विचारून पाहायला हरकत नाही.