जुनी गाडी, नवा ब्रेक

आमच्या सांगलीच्या एका स्नेह्यांच्या घरीं प्रीमियर पद्मिनी आहे. ती अजून त्यांचे तीर्थरूपच चालवितात. कासहून साताऱ्यास परततांना यवतेश्वराच्या उतारावर ब्रेक दाबून त्यांचा पाय भरून येतो. तेव्हां विजेचा ब्रेक-बूस्टर बसवावा काय, असें स्नेह्यांनीं आम्हांस विचारिलें आहे.

यंत्र खरोखर उपयुक्त आहे. नेहमींचा बूस्टर इंजिनाच्या शोषणावर चालतो; हा बॅटरीवरील मोटारीनें पायाच्या जोरास साह्य करितो. बॉश कंपनीनें असा बूस्टर २०१३ सालीं आणिला. परंतु त्यानें पायाचे श्रम वांचतात, तापलेल्या ड्रमची पकड वाढत नाहीं. म्हणून प्रथम ब्रेकचे लायनर, नळ्या व तेल तपासून घ्यावें. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें कलम ५२ गाडींतील फेरफारांविषयीं आहे; तेव्हां परिवहन कार्यालयासही आधीं विचारावें. बूस्टर बंद पडल्यास केवळ पायाच्या बळानें गाडी थांबते कीं नाहीं, हें जाणत्या कारागिराकडून मोकळ्या सपाट जागीं पारखून घ्यावें. घाट मात्र खालच्या गिअरांतच उतरावा.

तीर्थरूपांचा पाय हलका व्हावा, ही इच्छा योग्यच. पण ज्या गाडींत सबंध घर बसतें, तिचा भरंवसा एका तारेवर ठेवूं नये.