बशीत मूत्रपिंड नसते

‘सिसप्लॅटिनपेक्षा प्रभावी.’ सिसप्लॅटिन म्हणजे कर्करोगावरचे जुने औषध, प्लॅटिनमचे संयुग. धातूंच्या संयुगांतून कर्करोगावरचे औषध शोधणाऱ्या निबंधांत हा दावा हमखास भेटतो. पवईच्या आयआयटीतही तो भेटला. २००७ साली तिथल्या संशोधकांनी पॅलेडियमचे, म्हणजे प्लॅटिनमच्या सख्ख्या भावंडाचे, एक संयुग मांडले. गर्भाशयमुख, स्तन आणि मोठे आतडे अशा तीन कर्करोगांच्या पेशींवर त्याने सिसप्लॅटिनला मागे टाकले. काम चोख होते. अमेरिकन केमिकल सोसायटीच्या नियतकालिकाने ते छापले. कर्करोगाच्या वॉर्डातल्या सलाइनमध्ये मात्र आजही जुने सिसप्लॅटिनच असते.

शर्यत लावली होती पेट्री डिशमध्ये. त्या बशीत पेशी असतात. मूत्रपिंड नसते, कान नसतो, ओकारी नसते. सिसप्लॅटिनचे घोडे अडते ते नेमके इथे. मारायला ते कमी पडत नाही, रुग्णालाच सोसत नाही. म्हणून तर त्याच्यामागून कार्बोप्लॅटिन आले. बशीत ते सिसप्लॅटिनहून दुबळे. तितक्याच पेशी मारायला ते कितीतरी जास्त लागते. पण मूत्रपिंडाला झेपते, म्हणून आज जगभर वापरात आहे. ‘सिसप्लॅटिनपेक्षा प्रभावी’ हीच अट धरली असती, तर ते पहिल्याच फेरीत बाद झाले असते.

आता परळला या. रोग त्या तिन्हींतलाच एक, गर्भाशयमुखाचा. टाटा रुग्णालयाने २००३ ते २०११ या काळात ८५० स्त्रियांना एका चाचणीत घेतले. प्रश्न एकच होता: आजार पुढे गेलेल्या या स्त्रियांना किरणोपचारासोबत दर आठवड्याला सिसप्लॅटिन द्यावे की नाही? उत्तर छापून आले २०१८ मध्ये. पाच वर्षांनंतर हयात असलेल्यांचे प्रमाण ४६ टक्क्यांवरून ५४ टक्क्यांवर गेले. अमेरिकेत १९७८ साली मान्यता मिळालेले औषध, आणि त्याचा एवढा लाभ पक्का करायला पंधरा वर्षे. बशीतल्या निकालाला काही दिवस पुरतात. दोन्हीकडे शब्द मात्र एकच, ‘प्रभावी’.

पेशी मारणारी संयुगे निवडायला बशी हवीच, तिच्याशी भांडण नाही. पण नव्या संयुगासाठी पैसे मागणाऱ्या अर्जात पहिला रकाना उंदराच्या मूत्रपिंडाचा ठेवायला निधी देणाऱ्यांना कोण अडवते? तीन जातींच्या पेशींचे आकडे त्याखाली येऊ देत.