फुटबॉल की दहावी? : खालिद जमील यांच्या कारकिर्दीतून पालक-शिक्षकांनी घ्यायचा धडा



आपल्या करंजा-उरण-पनवेल पट्ट्यात पालकसभेला हल्ली एक प्रश्न हमखास येतो. "सर, पोरगा फुटबॉल बरा खेळतो. अकादमीवाले म्हणतात, पूर्ण वेळ पाठवा. मग दहावी सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून केली तर चालेल का?"

पूर्वी हा प्रश्न कुणी विचारत नसे. पोरगा बोटीवर जाणार की बंदरात कुठे नोकरीला लागणार, एवढीच चर्चा असायची. मग फुटबॉल आपल्या दारात आला. २०१७ साली सतरा वर्षांखालील मुलांच्या विश्वचषकाचे सामने नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर झाले. त्याच वर्षी १५ सप्टेंबरला राज्यभरातल्या शाळांनी मुलांना मैदानात उतरवून फुटबॉल खेळवला. ३० ऑक्टोबर २०२२ ला सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाची अंतिम लढत याच नेरूळच्या मैदानावर झाली. स्पेनने कोलंबियाला १-० ने हरवलं. जानेवारी २०२४ पासून तर उरणहून नेरूळला थेट लोकल जाते. म्हणजे स्वप्न आता लांबचं राहिलेलं नाही. ते पाहणाऱ्या पोरांचं काहीच चुकत नाही.

माझं मत सरळ सांगतो. खेळ सोडवू नका आणि शाळाही सोडवू नका. "शिकलं की नोकरी लागते, खेळात काय ठेवलंय" या जुन्या हिशेबाने मी हे म्हणत नाही. फुटबॉलचा व्यवसाय आत जाऊन नीट पाहिला, तर तो स्वतःच माणसाला शिकत राहायला भाग पाडतो. हे समजून घ्यायला आपल्या शेजारच्या मुंबईचंच उदाहरण पुरे आहे.

मिडफिल्डर करतो तरी काय?

मुलांना गोल मारणारा दिसतो, गोल अडवणारा दिसतो. मधल्या फळीतला खेळाडू, म्हणजे मिडफिल्डर, चटकन नजरेत भरत नाही. नव्वद मिनिटांत तो साधारण दहा-बारा किलोमीटर धावतो, पण चेंडू त्याच्या पायाशी असतो जेमतेम दोन-तीन मिनिटं. मग बाकीचा वेळ तो करतो काय? बघतो. मान वळवून मागे कोण आहे, डावीकडे जागा कुठे मोकळी आहे, आपला बचावपटू किती पुढे आलाय, हे सगळं चेंडू यायच्या आधीच बघून ठेवतो. नॉर्वेचे क्रीडा-मानसशास्त्रज्ञ गाइर यॉर्डेट यांनी खेळाडूंच्या या बघण्याचाच अभ्यास केला. चेंडू मिळण्याआधी जो जास्त वेळा आजूबाजूला पाहतो, त्याचे पुढच्या दिशेचे पास जास्त यशस्वी होतात, असं त्यात दिसलं.

आपण वाचन शिकवतो तेव्हा वेगळं काय सांगतो? पुढचा शब्द नजरेत घे, संदर्भ पकड, मग अर्थ लाव. मिडफिल्डर मैदान वाचतो. जगातले मोठे प्रशिक्षक आठवून बघा. गार्डिओला, अँचेलोटी, देशाँ, झिदान हे सगळे मूळचे मिडफिल्डर. खेळताना अख्खा सामना डोक्यात मांडायची सवय लागलेली असते, तीच पुढे उपयोगी पडते.

खालिद जमील यांची वाट

खालिद जमील यांचा जन्म १९७७ चा, कुवेतमधला. आखाती युद्धाच्या काळात त्यांचं कुटुंब भारतात आलं आणि मुंबई हे त्यांचं गाव झालं. ते मिडफिल्डर म्हणून महिंद्रा युनायटेडकडून खेळले, मग एअर इंडियाकडून, पुन्हा महिंद्राकडून आणि शेवटी २००७ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई एफसीकडून. भारताची जर्सीही त्यांनी घातली. पण दुखापतींनी पाठ सोडली नाही. २००९ मध्ये, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी, खेळाडू म्हणून त्यांचा प्रवास संपला.

पालकहो, इथे जरा थांबा. बत्तीस म्हणजे किती? आपल्याकडे एखादा तरुण बत्तिसाव्या वर्षी घराचं कर्ज काढतो, लेकराला बालवाडीत घालतो. नोकरदार माणूस जेव्हा कुठे स्थिरावू लागतो, तेव्हा फुटबॉलपटू 'निवृत्त' झालेला असतो. आणि हे झालं देशाकडून खेळलेल्या माणसाचं.

खालिद यांनी त्याच वर्षी मुंबई एफसीच्या प्रशिक्षकपदाची सूत्रं हाती घेतली. सात हंगाम त्यांनी हा संघ सांभाळला. पैसा कमी, नावाजलेले खेळाडू कमी, तरी संघ वरच्या लीगमध्ये टिकून राहिला. मग ते मिझोरामच्या आयझॉल एफसीकडे गेले. आधीच्या हंगामात हा संघ खालच्या श्रेणीत ढकलला गेला होता, पण काही संघांनी माघार घेतल्यामुळे त्याला पुन्हा संधी मिळाली होती. त्याच संघाने २०१६-१७ ची आय-लीग जिंकली. ईशान्य भारतातल्या संघाने राष्ट्रीय लीग जिंकण्याची ती पहिलीच वेळ. आपल्या मुंबईचा मिडफिल्डर जयेश राणे त्या संघात होता, हेही पोरांना जरूर सांगा.

पुढे आयएसएलमध्ये कायमस्वरूपी मुख्य प्रशिक्षक होणारे खालिद हे पहिले भारतीय ठरले. १ ऑगस्ट २०२५ ला ते भारताच्या वरिष्ठ संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले. सप्टेंबरमध्ये भारताने मध्य आशियातल्या काफा नेशन्स कपमध्ये ओमानला पेनल्टीवर हरवून तिसरा क्रमांक मिळवला. लगेच ऑक्टोबरमध्ये मडगावला सिंगापूरकडून १-२ असा पराभव झाला आणि आशियाई चषकाचं दार बंद झालं. या धंद्यात कालचं यश आज पुरत नाही.

खालिद यांच्याआधी हे पद पूर्ण वेळ सांभाळणारे भारतीय म्हणजे गोव्याचे साविओ मेदेरा. तेही मिडफिल्डरच. गोव्याचेच क्लिफर्ड मिरांडा जवळपास पंधरा वर्षं डेम्पोच्या मधल्या फळीत खेळले आणि प्रशिक्षक म्हणून एप्रिल २०२३ मध्ये ओडिशा एफसीला सुपर कप जिंकून दिला. मुंबईचे स्टीव्हन डायस हेही मिडफिल्डर, तेही पुढे प्रशिक्षणात आले. या सगळ्यांची दुसरी कारकीर्द पहिलीच्या पोटातूनच निघाली.

ही दुसरी कारकीर्द फुकट मिळत नाही

प्रशिक्षक व्हायचं तर परवाने लागतात. डी, सी, बी, ए आणि सगळ्यात वर एएफसी प्रो. प्रत्येक पायरीवर वर्ग, लेखी काम, सरावाचे आराखडे, सामन्याचं विश्लेषण आणि परीक्षा. शरीरशास्त्र, आहार, मानसशास्त्र यांची ओळख हवी. भाषाही हवी, कारण ड्रेसिंग रूममध्ये एक मुलगा मिझोरामचा, एक केरळचा आणि एक ब्राझीलचा असतो. नववीतच वही मिटवलेल्या मुलाला हे जमणारच नाही असं नाही, पण त्याला ते फार जड जाईल.

आणि क्लबांचं काय?

खालिद जमील ज्या तीन संघांकडून खेळले, त्यांची आजची अवस्था बघा. महिंद्रा युनायटेडने २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली आणि २०१० मध्ये क्लब बंद झाला. एअर इंडियाचा संघ २०१३ मध्ये निकषांत न बसल्याने आय-लीगबाहेर गेला. मुंबई एफसी २०१७ मध्ये खालच्या श्रेणीत गेला आणि त्यानंतर बंदच झाला. म्हणजे तीनपैकी एकही आज देशाच्या वरच्या लीगमध्ये नाही. आयएसएलचा २०२५-२६ चा हंगाम तर जुलै २०२५ मध्ये संयोजकांनी थांबवून ठेवला, आणि ऑगस्टमध्ये बेंगळुरू एफसीसारख्या मोठ्या क्लबने पगार रोखले. चूक खेळाडूंची नव्हती. कोळीवाड्यातल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. पावसाळ्यात मासेमारी बंद असते तेव्हा घर कशावर चालवायचं, याचा विचार आपण आधीच करून ठेवतो ना? मग पोराच्या कारकिर्दीचा पावसाळा आपण का विसरतो?

"पण सर, दोन्ही धरलं की दोन्ही जातं!"

हा आक्षेप खोटा नाही. पहाटे सराव, दिवसभर शाळा, संध्याकाळी पुन्हा सराव. पोरगं आठव्या तासाला बाकावर झोपतं. पण यावर शाळा सोडणं हा उपाय नाही. बार्सिलोनाची प्रसिद्ध अकादमी 'ला मासिया' घ्या. इनिएस्तासारखा मिडफिल्डर तिथे बाराव्या वर्षी दाखल झाला. तिथली मुलं शाळेत जातात. आपल्या राज्याच्या क्रीडा प्रबोधिनीतही निवास, सराव आणि शाळा एकत्र चालतात. कोल्हापूरचा अनिकेत जाधव तिथूनच पुढे जाऊन २०१७ च्या विश्वचषकात भारताकडून खेळला. गंभीरपणे खेळाडू घडवणारी जागा शाळेची वेळ पाळते. जी पाळत नाही, तिथेच शंका घ्यायला हवी.

शिवाय एक व्यवहाराची गोष्ट. शालेय क्रीडा स्पर्धा आणि १९६० पासून चालत आलेला सुब्रतो कप या स्पर्धा शाळेत नियमित शिकणाऱ्या मुलांसाठीच आहेत. शाळा सोडली की मुलाचं हे मैदानही गेलं. सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण पदाला लागणारी शैक्षणिक पात्रता त्यातही लागतेच.

पालकांनी अकादमीला विचारावेत असे प्रश्न

१. प्रशिक्षकाकडे कोणता परवाना आहे? बघायला मिळेल का?
२. सरावाची वेळ शाळेच्या आड येते का? परीक्षेच्या दिवसांत काय करता?
३. मुलगा जखमी झाला तर उपचारांचा खर्च कोण करणार?
४. वर्षभरात किती अधिकृत सामने खेळायला मिळतात? नुसता सराव की स्पर्धाही?
५. तुमच्याकडून बाहेर पडलेली मुलं आज काय करतात? यात न निवडली गेलेली मुलंही धरा.

पाचव्या प्रश्नाचं उत्तर टाळलं गेलं, तर पैसे खिशातच ठेवा. आणि जन्मतारीख कमी करून देण्याची कुणी गोष्ट काढली, तर तिथून उठून या. मोठ्या स्पर्धांत मनगटाची एमआरआय करून वय तपासतात. एका खोट्या दाखल्यात पोराचं नाव कायमचं खराब होतं.

आणि आपण शिक्षकांनी?

सगळं पालकांवर ढकलून चालणार नाही. पीटीचा तास गणिताला देऊन टाकायचा आणि वर "मुलं मोबाईलवर असतात" म्हणायचं, हे बंद करू या. स्पर्धेला गेलेल्या मुलाची आठवडाभराची गैरहजेरी हा त्याचा गुन्हा नाही. एखाद्या मित्राला त्याच्या वह्यांची जबाबदारी द्या, परत आल्यावर चार दिवस जादा तास घ्या, चुकलेली चाचणी पुन्हा घ्या. जमेल तिथे खेळालाच अभ्यासात आणा. १०५ मीटर बाय ६८ मीटरच्या मैदानाचं क्षेत्रफळ काढायला द्या, किंवा पाहिलेल्या सामन्याचा वृत्तांत मराठीत दहा ओळींत लिहायला सांगा. ज्या मुलाला पुस्तकाचा कंटाळा येतो, तो हे दहा ओळींचं काम जीव लावून करतो.

मुलींना यातून वगळू नका. नेरूळला विश्वचषकाची अंतिम लढत मुली खेळून गेल्या. आपल्या शाळेत मात्र चेंडू आला की मुली कडेला लंगडी खेळतात. ही सवय आपणच लावली आहे, मोडायचीही आपणच.

शेवटी मुलाशी बोलताना "फुटबॉल की दहावी?" असं विचारूच नका. असं विचारलं की तो एक निवडतो आणि दुसरं लपवतो. त्यापेक्षा एवढंच सांगा : "तू खेळ, आम्ही मागे आहोत. पण बत्तिसाव्या वर्षानंतरही तुला तीस वर्षं काम करायचंय. त्याची तयारी आजपासून दोन्हीकडे कर." चेंडू येण्याआधी मान वळवून बघायचं हे त्याला मैदानावर शिकवलेलंच असतं. आयुष्यातही तेच करायचं आहे, हे मात्र आपण सांगायला हवं.