सही करण्यापूर्वी चौकट वाचा

आपल्या वस्त्यांतली मुले-मुली शिकूनसवरून अमेरिकेत नोकरीला लागली आहेत. त्यांना दर वर्षी साधारणपणे १५ एप्रिलपर्यंत तिथल्या केंद्र सरकारचे प्राप्तिकर विवरणपत्र भरावे लागते. पहिल्याच पानावर आपला वर्ग निवडायचा असतो. चौकट लहान, पण कर किती पडणार ते पुष्कळसे तिच्यावर ठरते.

वर्ग पाच आहेत : अविवाहित, पती-पत्नी एकत्र, पती-पत्नी वेगवेगळे, कुटुंबप्रमुख, आणि मूल पदरी असलेली विधवा किंवा विधुर. २०२५ सालच्या उत्पन्नातून अविवाहिताला १५,७५० डॉलरची सरसकट वजावट मिळते, कुटुंबप्रमुखाला २३,६२५ आणि एकत्र भरणाऱ्या जोडप्याला ३१,५००.

३१ डिसेंबरला लग्न झालेले असेल, तर ते सबंध वर्ष विवाहित धरले जाते. बायको गावी आहे म्हणून 'अविवाहित' लिहिता येत नाही. तिच्यासह एकत्र भरायचे ठरवले, तर तिचा इथला पगार आणि बँकेचे व्याजही तिथे दाखवावे लागते.

'मी आईवडिलांना दरमहा पैसे पाठवतो, म्हणजे कुटुंबप्रमुख मीच,' असे मुलाला वाटणे साहजिक आहे. पण अमेरिकेचे नागरिक नसलेले, भारतात राहणारे आईवडील त्या कायद्यात अवलंबून धरले जात नाहीत. नुकत्याच शिकायला गेलेल्यांचे नियम तर आणखी निराळे आहेत.

आमच्या लेकीसुनांना एक गोष्ट मुद्दाम सांगतो. एकत्र विवरणपत्रावर दोघांची सही लागते, आणि सही केली की साऱ्या कराची जबाबदारी दोघांवर येते. नवऱ्याने उत्पन्न लपवले, तर घटस्फोटानंतरही बायकोकडे वसुली होऊ शकते. अजाण जोडीदाराला सूट मागता येते, पण ती अर्ज करून आणि सिद्ध करून.

म्हणून मनात शंका असेल, तर आधी वेगळे भरावे. कर बहुधा जास्त पडेल, पण आपल्यापुरतीच जबाबदारी राहील. वेगळे भरलेले पुढे तीन वर्षांच्या आत एकत्र करता येते. एकत्र भरलेले मात्र मुदत उलटल्यावर वेगळे करता येत नाही.

इथे कोऱ्या कागदावर अंगठा उठवून आपल्या आजोबा-पणजोबांनी काय गमावले, ते आपण जाणतो. लेकीला पुढच्या फोनवर एवढेच विचारा : बाई, सही केलीस, ती वाचून केलीस ना?