चिकटपट्टीतलं जीवनसत्त्व

माझं म्हणणं एका वाक्याचं आहे. ज्या पट्टीच्या पाकिटावर "आत किती भरलंय" एवढंच लिहिलेलं असतं आणि "अंगात किती जातं" हे कुठेच लिहिलेलं नसतं, ती पट्टी औषध नाही, स्टिकर आहे. स्टिकर म्हणून लावायला माझी काही हरकत नाही. लॅपटॉपवर लावतोच की आपण!

आता सविस्तर.

आयटीतल्या कुठल्याही टीमबरोबर जेवणाच्या टेबलावर दहा मिनिटं बसा. अप्रेझल, ट्रॅफिक आणि फ्लॅटचे हप्ते बोलून संपले की गाडी बी-१२ वर येतेच. "तुझा किती आला?" "१४०." "हॅ, माझा ११८!" दहावीच्या मार्कांसारखी चढाओढ, फक्त इथे कमी मार्कवाला भाव खाऊन जातो. मग कोणीतरी टीशर्टची बाही वर करून दंडावरची चौकोनी पट्टी दाखवतो. "इंजेक्शन-बिंजेक्शन सोड रे. हे लाव. रात्री लावायचं, सकाळी काढायचं. पोटात काही जात नाही, साइड इफेक्ट नाही, डायरेक्ट रक्तात."

डायरेक्ट रक्तात. ह्या दोन शब्दांवर माझा राग आहे.

एक गोष्ट आधीच मान्य करून टाकतो, म्हणजे नंतर वाद नको. कमतरता खरी आहे, ते फॅड नाही. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी २००६ साली ४४१ पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. खेड्यातले, झोपडपट्टीतले आणि शहरी मध्यमवर्गातले, असे तीन गट. एकूण ६७ टक्के लोकांचं बी-१२ कमी निघालं, आणि शहरी मध्यमवर्गात तब्बल ८१ टक्के लोकांचं! म्हणजे सगळ्यात खाऊनपिऊन सुखी जे आपण, तेच सगळ्यात मागे. कारण सोपं आहे. बी-१२ फक्त जिवाणू बनवतात, झाडं बनवत नाहीत. ते आपल्याकडे येतं मांस, मासे, अंडी आणि थोडंफार दुधातून. घरचं वरण-भात-भाजी कितीही सात्त्विक असली तरी तिच्यात ते नसतं.

तर रोग खरा, गिऱ्हाईक खरं, भीती खरी. बाजार नेमका अशाच ठिकाणी उभा राहतो.

आता त्वचेकडे येऊ. त्वचेचं मुख्य काम काय? बाहेरचं बाहेर ठेवणं. तिचा सगळ्यात वरचा थर, स्ट्रॅटम कॉर्नियम, मिलिमीटरच्या शंभराव्या ते पन्नासाव्या भागाइतका जाड असतो. मेलेल्या पेशींच्या विटा आणि मध्ये स्निग्ध पदार्थांचा गिलावा, अशी ती भिंत. एवढी पातळ, पण काय पक्की! नाहीतर विसर्जनाला चौपाटीवर कमरेभर पाण्यात उभे राहणारे सगळे खारवून घरी आले असते.

ही भिंत ओलांडायची तर रेणू लहान हवा आणि तेलात थोडाफार विरघळणारा हवा. किती लहान? २००० साली बोस आणि मेनार्डी यांनी एक ढोबळ नियम मांडला: साधारण ५०० डाल्टनच्या वरचा रेणू धडधाकट त्वचेतून नीट जात नाही. ज्या पट्ट्या खरोखर काम करतात त्यांचे आकडे बघा. निकोटीन १६२. छातीच्या दुखण्यासाठी लावतात ते नायट्रोग्लिसरीन २२७. इस्ट्रॅडिऑल २७२. प्रवासातल्या मळमळीवरचं स्कोपोलामीन ३०३. अमेरिकेत १९७९ साली मंजूर झालेली पहिली औषधी पट्टी याचीच. वेदनाशामक फेंटॅनिल ३३६. सगळे कसे रांगेत, पाचशेच्या आत.

आणि बी-१२? १३५५ डाल्टन. वर पाण्यात विरघळणारं. म्हणजे दार अडीच फुटी आणि आपण सोफा आडवा घेऊन उभे.

"अरे पण नियमाला अपवाद असतात." असतात ना. टॅक्रोलिमस ८०४ डाल्टनचं असून मलमातून काम करतं. पण ते एक्झिमाने फुटलेल्या त्वचेवर लावतात, आणि त्याने रक्तात जाणं अपेक्षितच नसतं, जागच्या जागी काम करायचं असतं. डी जीवनसत्त्व ३८५ डाल्टनचं आहे, तेलात विरघळतं, आकाराच्या चाळणीतून ते पास होतं. म्हणून डीच्या बाबतीत मी "अशक्य" म्हणणार नाही, "मोजून दाखवा" एवढंच म्हणेन. पण त्याच एका चौकोनात बी-१२, लोह, झिंक, सी आणि बाकीची अर्धी बाराखडी भरून सगळं सरसकट "रक्तात" जातं म्हणणं म्हणजे रिक्वायरमेंट न वाचता "डन" लिहिण्यातला प्रकार आहे.

आता लेबलाचा मुद्दा, जो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

निकोटीनच्या पट्टीवर "२४ तासांत २१ मिलिग्रॅम" असं लिहितात. तो आकडा पट्टीत भरलेल्या निकोटीनचा नसतो, अंगात पोचणाऱ्या निकोटीनचा असतो. फेंटॅनिलच्या पट्टीवर तर दर तासाला किती मायक्रोग्रॅम ते लिहिलेलं असतं. तो आकडा छापण्यासाठी कंपनीला माणसांना पट्ट्या लावून, त्यांचं रक्त घेऊन मोजावं लागतं. जीवनसत्त्वाच्या पट्टीवर काय असतं? "बी-१२: १००० मायक्रोग्रॅम." हे गोदामातला स्टॉक सांगणं झालं. डिलिव्हरी किती झाली ते सांगा की राव! आपण कुरिअरवाल्याला ट्रॅकिंग नंबर मागतो आणि रक्तात जाणाऱ्या गोष्टीला मागत नाही, ही कमाल आहे.

विक्रेते यावर एक हुशार उत्तर देतात. "रोजची गरजच फक्त दोन-अडीच मायक्रोग्रॅमची आहे, हजारातलं एवढं तरी जाईलच." जाईलच? मग मोजा, आणि तोच आकडा पाकिटावर छापा. छापत नाहीत, यात सगळं आलं.

मोजल्यावर काय दिसतं याचा एक नमुना आहे. वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झालेल्यांना जन्मभर जीवनसत्त्वं घ्यावी लागतात. अशा लोकांत पट्टीवाले आणि गोळीवाले यांची तुलना करणारा एक छोटा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. कमतरता असलेले जास्त कोणत्या गटात निघाले? पट्टीवाल्यांच्या.

"पण मला फरक जाणवला!" हे वाक्य मी आदराने ऐकतो आणि तितक्याच आदराने बाजूला ठेवतो. पट्टी लावायला लागलेला माणूस सहसा त्याच आठवड्यात लवकर झोपायला लागतो, अंडं खायला लागतो, आईच्या धाकाने दूध प्यायला लागतो. चार बदल एकत्र चेक-इन केले आणि बग गेला, तर श्रेय नक्की कोणत्या ओळीला द्यायचं? ऑफिसात असं कोणी म्हणालं तर आपण कोड रिव्ह्यूत त्याची पिसं काढतो. स्वतःच्या रक्ताबाबत मात्र "वाटतंय बरं" एवढ्यावर रिलीज.

कोणी म्हणेल, "असेना का निरुपयोगी, अपाय तर नाही?" इथेच मी हसणं थांबवतो.

माझ्या टीममधला एक मित्र, घरचा पक्का शाकाहारी, तीन-चार वर्षं रोज सकाळी ॲसिडिटीची गोळी घेणारा. पायाला मुंग्या यायला लागल्या. रिपोर्टमध्ये बी-१२ कमी. सुईची भीती, म्हणून पट्ट्या मागवल्या. चार महिने न चुकता लावल्या. मुंग्या वाढल्या तर दोष खुर्चीला, मग बुटांना, मग "पित्त झालंय" म्हणून आणखी ॲसिडिटीच्या गोळ्यांना. पुन्हा टेस्ट करू म्हटलं की उत्तर ठरलेलं: "अरे उपचार चालू आहेत ना!" शेवटी अंधारात जिना उतरताना पाय कुठे पडतोय ते कळेना, तेव्हा न्यूरॉलॉजिस्टकडे गेला. बी-१२ आधीपेक्षाही खाली. इंजेक्शनं सुरू झाली, चालणं सुधारलं, पण डाव्या तळव्याचा बधिरपणा अजून आहे. डॉक्टर म्हणाले, "किती परत येईल ते सांगता येत नाही. चार महिने आधी यायला हवं होतं."

पट्टीने त्याला विष दिलं नाही. पट्टीने त्याचे चार महिने घेतले. बी-१२ अभावी मज्जातंतूंवरचं आवरण खराब होतं, आणि फार उशीर झाला तर ते नुकसान कायमचं राहू शकतं. "उपचार चालू आहेत" हे समाधान हाच त्या पट्टीचा साइड इफेक्ट.

यातली खरी चीड आणणारी गोष्ट म्हणजे "पोट टाळा" हा युक्तिवाद त्याच्या बाबतीत अर्धा बरोबर होता. अन्नातलं बी-१२ प्रथिनांना चिकटलेलं असतं, पोटातलं आम्ल ते सुटं करतं, मग इंट्रिन्सिक फॅक्टर नावाचं प्रथिन त्याला धरून लहान आतड्याच्या शेवटापर्यंत नेतं. आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या, किंवा मधुमेहाचं मेटफॉर्मिन, वर्षानुवर्षं घेतलं तर ह्या कामात खोडा पडतो. पण गोळीतलं बी-१२ मुळात सुटंच असतं! शिवाय मोठा डोस दिला तर साधारण एक टक्का कुणाच्याही मदतीशिवाय आतड्यातून झिरपतो. हजार मायक्रोग्रॅमचा एक टक्का म्हणजे दहा, म्हणजे गरजेच्या चौपट. इंट्रिन्सिक फॅक्टर अजिबात नसलेल्या रुग्णांनाही नुसत्या मोठ्या डोसच्या गोळ्यांवर ठेवता येतं, हे स्वीडनमधल्या डॉक्टरांनी १९६८ सालीच दाखवलं होतं. म्हणजे सुईला पर्याय हवा तर तो पन्नासहून अधिक वर्षं आहे. स्वस्त आहे, मोजलेला आहे, आणि कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळतो. फक्त त्याची रील बनत नाही.

"पर्यायी" ह्या शब्दावर माझा राग नाही, हेही सांगून ठेवतो. लुसी विल्स ह्या ब्रिटिश डॉक्टर १९२८ च्या सुमारास मुंबईत आल्या. गिरणी कामगार बायकांना गरोदरपणात होणाऱ्या रक्तक्षयाचं कारण शोधत होत्या. त्यांना उपाय सापडला तो मार्माइटमध्ये, यीस्टपासून केलेल्या ब्रेडला लावायच्या स्वस्त चटणीत! त्या काळी ह्याहून "घरगुती" काय असणार? पण त्यांनी रक्त तपासलं, मार्माइट दिलं, पुन्हा रक्त तपासलं आणि १९३१ साली ते छापलं. त्यातला घटक पुढे फोलिक ॲसिड म्हणून ओळखला गेला. पर्याय खरा की खोटा हे दोन रक्ततपासण्यांच्या मधल्या फरकाने ठरतं, पाकिटावरच्या हिरव्या पानाने नाही.

हिरव्या पानावरून आठवलं, "नॅचरल" हेही एक गौडबंगाल. इंजेक्शनमधलं असो, गोळीतलं असो की पट्टीतलं, बी-१२ येतं कारखान्यातल्या जिवाणूंच्या टाकीतूनच. दंडात टोचलं की केमिकल आणि दंडावर चिकटवलं की निसर्ग?

अमेरिकेच्या १९९४ च्या कायद्यात आहारपूरक म्हणजे पोटात घ्यायचा पदार्थ, अशी स्पष्ट व्याख्या आहे. पट्टी त्यात बसतच नाही. आणि रोग बरा करते म्हटलं तर ती औषध ठरते, मग औषधासारखे पुरावे द्यावे लागतात. म्हणून ह्या जाहिरातींची भाषा बघा: "ऊर्जेला साथ", "सौख्याला आधार". बी-१२ कमी आहे ते वाढवू, असं छातीठोकपणे कोणी लिहीत नाही. ते आपण आपल्या मनाने वाचतो.

तेव्हा मंडळी, पट्टी विकणाऱ्याला तीनच प्रश्न विचारा. २४ तासांत रक्तात किती जातं? ते किती माणसांत मोजलं? मोजल्याचे आकडे कुठे छापलेत? एकाचंही सरळ उत्तर आलं नाही तर पैसे खिशात ठेवा. आणि कोणाला लावायचीच असेल हौस, तर आधी एक रिपोर्ट काढा, दोन महिन्यांनी दुसरा काढा, मध्ये दुसरं काही घेऊ नका. पण हातापायाला मुंग्या, बधिरपणा, चालताना तोल जाणं यातलं काहीही असेल तर हा प्रयोग नको. सरळ डॉक्टर गाठा, आणि तेही ह्याच आठवड्यात. "रिलीज झाल्यावर बघू" नको.

सुई दोन सेकंद टोचते. नसा तेवढ्या लवकर माफ करत नाहीत.